आधण यायच्या आधी

येताना काय काय आणायचं याची चिठ्ठी आठवडाभर आधीच आली होती. एप्रन, डोक्याला बांधायला तिकोनी रुमाल, हात पुसायला छोटा पंचा, उरलंसुरलं घरी न्यायला झाकणाचा डबा, आणि सगळ्यांत शेवटी ‘कापलेली नखं’. ‘‘ही कुठून आणायची?’’ मी भाचेसुनेला विचारलं. ‘‘मामा, नखं कापून या असं म्हणायचंय त्यांना,’’ ती म्हणाली. चिठ्ठीचा मराठी तर्जुमा तिनंच केला होता, म्हणून मी पुढं काही बोललो नाही.

स्वयंपाक शिकायला म्हणून मी काही जपानला गेलो नव्हतो. गेलो होतो भाच्याकडे, टोकियोच्या पूर्व अंगाला, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत. हा टोकियोतला आपल्या लोकांचा मोहल्ला. सन 2000 च्या सुमारास संगणकातल्या तारखांचा घोळ निस्तरायला जपाननं भारतातून इंजिनिअर बोलावले, त्यांतले बरेच इथं येऊन राहिले. कारणं साधी होती. तोझाई मार्गाची मेट्रो इथून थेट ओतेमाचीतल्या बँकांच्या दारात सोडते, आणि इथल्या सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारतींत भाड्यानं घर घेताना ‘जामीन कोण राहणार?’ असं कुणी विचारत नाही. आता स्टेशनाजवळच्या दुकानात तूरडाळ मिळते, लिफ्टमध्ये ‘काय, आज उशीर?’ ऐकू येतं, आणि 2019 साली वॉर्डाच्या सभेवर निवडून गेलेले योगेंद्र पुराणिक तर मराठीच. त्यामुळे निशी-कासाईत उतरूनही मला जपान काही भेटेना. तो भेटला वॉर्डाच्या समाजभवनात, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकाच्या खोलीत.

3 नोव्हेंबर हा जपानचा संस्कृती दिन. 1948 पासूनची ही राष्ट्रीय सुट्टी. तिच्या आगेमागे गावोगावची समाजभवनं गजबजतात. आमच्या भवनात तळमजल्यावर पुष्परचना मांडल्या होत्या, जिन्याच्या भिंतीवर शाळकरी मुलांची ब्रशनं काढलेली अक्षरं टांगली होती, मोठ्या दालनात सत्तरीपुढच्या मंडळींचं समूहगान चाललं होतं. आणि वर ‘घरगुती जेवण’. शुल्क हजार येनांच्या आत, सामान त्यांचं, भांडी भवनाची.

खोली पाहूनच मी थक्क झालो. स्टीलचे सहा ओटे, प्रत्येकाला आपापला गॅस, आपापलं बेसिन आणि खाली कपाट. कपाटाच्या दारावर आत काय आहे याची यादी: पातेली इतकी, चाळण्या इतक्या, चिमटे, चॉपस्टिक, मोजायचे चमचे, सगळं आकड्यांनिशी. सुरुवात करायच्या आधी प्रत्येक ओट्याच्या गटानं कपाट उघडून यादीप्रमाणे भांडी मोजून घ्यायची. आपल्याकडे लग्नाच्या हॉलवर भांडी मोजतात ती परत देताना, आणि तेव्हा वाटी कमी भरली की भांडण ठरलेलं. इथं आधीच मोजल्यामुळे भांडणाला जागाच राहिली नव्हती.

आमच्या ओट्यावर चौघे. मी, भाचेसून, शेजारच्या इमारतीतली एक विशीतली जपानी मुलगी आणि एक निवृत्त गृहस्थ. गृहस्थांनी आयुष्यभर पुलांचे आराखडे तपासले होते. आता निवृत्तीनंतर स्वयंपाक तपासायला घेतला होता. समाजभवनांतून निवृत्त पुरुषांसाठी पाककृतीचे वर्ग चालतात, तिथं ते नेमानं जात. एप्रनच्या खिशात त्यांची एक वही होती. पदार्थाचं नाव, तारीख, मापं आणि शेवटी शेरा. मला वाटलं शेरा चवीबद्दल असेल. भाचेसुनेनं डोकावून वाचलं: ‘पत्नी: ठीक.’ पुढच्या पानावर: ‘पत्नी: मागच्यापेक्षा ठीक.’

मोजण्याबाबत मात्र गृहस्थ एकटे नव्हते, सगळी खोलीच मोजत होती. मोठा चमचा 15 मिलिलिटर, छोटा 5, कप 200. चमच्यावर रास दिसली की सपाट पट्टीनं सारखी करायची. ही मापं ठरवली आया कागावा नावाच्या डॉक्टरबाईंनी, 1948 साली. तरुणपणी त्या टोकियोच्या इस्पितळात बेरीबेरीच्या रोग्यांवर संशोधन करत. रोग औषधानं हटण्यापेक्षा जेवणानं हटेल, आणि जेवण घरोघरी सारखं व्हायचं तर मापं सारखी हवीत, हा त्यांचा हिशेब. माझी आई पसा, चिमूट, ओंजळ आणि ‘बेतानं’ या चार मापांवर उभा जन्म काढून गेली. त्यामुळे त्या पट्टीकडे मी जरा संशयानंच पाहत होतो.

शिकवणाऱ्या सेन्सेइ ऐंशीच्या घरातल्या. अंगावर काप्पोगी, म्हणजे कोपरापुढं येणाऱ्या बाह्यांचा पांढरा झगा. पाठ किंचित वाकलेली, हात मात्र विशीतले. त्या बोलायच्या कमी. एकेक वाक्य म्हणायच्या, भवनातली स्वयंसेविका ते इंग्रजीत सांगायची, आणि तोवर सेन्सेइंचं काम पुढं गेलेलं असायचं.

पहिलं काम दाशीचं. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. सूप त्याच्यात, भाजी त्याच्यात, अंड्याच्या वड्याही त्याच्यात. सेन्सेइंनी कोम्बूची एक पट्टी वर धरली. होक्काइदोच्या थंड समुद्रातलं हे शेवाळ हाताएवढं रुंद, काळपट हिरवं आणि वाळून कडक झालेलं, वर पिठासारखी पांढरी भुकटी. मी असतो तर आधी नळाखाली धुतलं असतं. त्यांनी ओल्या फडक्यानं नुसतं हलकेच पुसलं, कारण ती भुकटीच चवीची. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम. हे सकाळीच भिजत घातलं होतं. आता मंद आच.

आणि मग सगळ्यांनी मिळून पातेल्याकडे बघत राहायचं.

मी आयुष्यात पुष्कळ पातेल्यांकडे पाहिलंय, पण ती उकळायची वाट पाहत. इथं नेमकं उलटं होतं. उकळी येता कामा नये म्हणून पहारा होता. तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरले, कडेनं एखादा सुटून वर आला, तेवढ्यात सेन्सेइंनी चिमट्यानं कोम्बू उचलून बाजूला ठेवलं. आधण आलं असतं तर पाणी बुळबुळीत झालं असतं, वासही समुद्राचा आला असता. गृहस्थांनी थर्मामीटर आणला होता. त्यांनी आकडा वहीत टिपला. सेन्सेइंनी थर्मामीटरकडे एकदा पाहिलं आणि काहीच म्हणाल्या नाहीत.

मग कात्सुओबुशी. हा प्रकार मी पुस्तकात वाचला होता, हातात घेतला तेव्हा विश्वास बसेना. कुप्याच्या जातीतला कात्सुओ मासा. त्याच्या फोडी उकडायच्या, काटे उपटायचे, लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा धरायच्या, मग वर मुद्दाम बुरशी चढवायची, उन्हात ठेवायच्या, बुरशी पुसायची, परत चढवायची. उत्तम प्रतीच्या तुकड्याला सहा महिने लागतात, आणि वजन मूळच्या एक षष्ठांश उरतं. कागोशिमातलं माकुराझाकी आणि शिझुओकातलं याइझू ही गावं या धंद्यावर उभी आहेत. हातात येतो तो सागवानाचा ढलपा. दोन तुकडे एकमेकांवर वाजवले तर टणत्कार होतो. वास धुराचा, आत खोलवर कुठंतरी मासा.

हे लाकूड किसायला सुताराचा रंधा लागतो, आणि खरंच रंधाच होता. लाकडी पेटीवर पातं वर करून बसवलेलं, खाली खण. सेन्सेइंच्या आईच्या माहेरून आलेली ती पेटी. त्यांनी तुकडा पात्यावर ठेवला, तळव्यानं दाबून पुढं ढकलला, खर्र असा आवाज झाला. खण ओढला तर आत गुलाबी, पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ वेटोळी. मग मला दिलं. मी जोर लावला तशी भुकटी पडली. ‘‘जोर नको,’’ स्वयंसेविका म्हणाली, ‘‘वजन द्या.’’ जोर आणि वजन यांत फरक काय, हे तोंडी सांगता येत नाही. तळव्याला कळलं की वेटोळं पडतं.

माझ्या शेजारची ती विशीतली मुलगी मोबाइलवर चित्रीकरण करत होती. तिनं ही पेटी जन्मात पाहिली नव्हती. तिच्या घरी कात्सुओबुशी येते ती प्लास्टिकच्या पुडीतून. तीही आई वापरते, ती स्वतः दाण्यांची दाशी गरम पाण्यात टाकते. हे तिनं सेन्सेइंसमोर सांगितलं तेव्हा मला वाटलं आता व्याख्यान ऐकावं लागणार. सेन्सेइ हसल्या. ‘‘दाण्यांची मीही वापरते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंगळवारी. मंगळवारी माझा गुडघ्याचा दवाखाना असतो.’’

इथं माझ्या डोक्यातला एक समज ढासळला. मी समजत होतो की हे जपानी लोक आम्हा परदेशी पाहुण्यांना आपल्या घरातलं काहीतरी दाखवताहेत. खोलीत नजर फिरवली तर परदेशी निम्म्याहूनही कमी. बाकी सगळे इथलेच, बहुतेक पन्नाशीच्या आतले, आणि आमच्याइतकेच नवखे. घरचं जेवण शिकायला त्यांनाही घराबाहेर पडून, नाव नोंदवून, पैसे भरून इथं यावं लागत होतं. 2013 च्या डिसेंबरात युनेस्कोनं जपानी भोजनपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा भारतातल्या वर्तमानपत्रांत सुशीचं चित्र छापून आलं होतं. यादीत गेली होती ती सुशी नव्हे. ऋतुमानाप्रमाणे भाज्या, भाताबरोबर एक सूप आणि दोन-तीन तोंडीलावणी, नववर्षाचं एकत्र जेवण, असा हा घरातला रिवाज होता. आणि रिवाज यादीत घालावा लागतो तो बहुतेक हातातून निसटायला लागल्यावरच.

दाशीकडे परत येतो. कोम्बू काढल्यावर पाणी गरम होऊ दिलं, गॅस बंद केला, वेटोळ्यांचा ढीग वर सोडला. तो तरंगला, ओला झाला, हळूहळू खाली बसला. एवढंच. मग फडक्यातून गाळलं. गाळताना मी सवयीनं पुरचुंडी पिळायला हात पुढं केला, तर सेन्सेइंनी दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. पिळायचं नाही. गळेल तेवढंच आपलं.

छोट्या कपांतून चव पाहायला दिली. फिकट सोनेरी पाणी. मीठ नाही, तिखट नाही, तेलाचा थेंब नाही. पहिल्या घोटाला मला काहीच लागलं नाही. दुसऱ्याला जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं आणि बराच वेळ सुटत राहिलं. या ‘काहीतरी’चा छडा लावला टोकियोच्या शाही विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी. गोड, आंबट, खारट, कडू यांत न बसणारी कोम्बूच्या पाण्याची ही चव येते कुठून, या प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि 1908 साली बारा किलो कोम्बूतून तीस ग्रॅम ग्लुटामेट वेगळं केलं. चवीला नाव दिलं उमामी. पुढच्याच वर्षी ते पांढरे स्फटिक बाजारात आले. त्यांचं दुकानातलं नाव आपल्या गल्लीतल्या प्रत्येक चायनीजच्या गाडीवाल्याला ठाऊक आहे: अजिनोमोटो. शेझवान राइसवर भुरभुरणाऱ्या त्या चिमटीचं माहेर हे असं पातेल्यात भिजणारं शेवाळ आहे, हे मला या वयात कळलं. इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी 1913 मध्ये कात्सुओबुशीतलं द्रव्य शोधलं. ही दोन एकत्र आली की चव बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. आजीबाईंच्या आज्यांना हा गुणाकार प्रयोगशाळेविनाच येत होता.

शाकाहाऱ्यांसाठी शेजारच्या ओट्यावर दुसरं पातेलं होतं: कोम्बू आणि वाळवलेले शिताके अळंबे. ही बौद्ध मठांतली रीत. निशी-कासाईतल्या बायकांना आता विचारावं लागत नाही. भारतीय नाव यादीत दिसलं की शिताके भिजतात. ‘‘आणि कांदा-लसूण?’’ भाचेसुनेनं हळूच विचारलं, तिची जैन मैत्रीण पुढच्या वेळी येणार होती. मठातल्या रीतीत कांदा-लसूणही चालत नाही, असं कळल्यावर तिनं तिथूनच मैत्रिणीला संदेश टाकला.

त्यानंतरचे पदार्थ भराभर झाले, आणि मला तेच आश्चर्य वाटत राहिलं. सगळं वेळखाऊ काम आधीच होऊन गेलेलं. मासा सहा महिने धुरात आणि उन्हात होता, शोयू, म्हणजे सोया सॉस, पिंपात मुरला होता, मिसो मागच्या फेब्रुवारीत याच खोलीत सोयाबीन कुटून, मीठ आणि कोजी बुरशी मिसळून भरला होता. आता गृहिणीला उरली ती पंधरा-वीस मिनिटं, आणि त्यात तिनं करायचं काय, तर वेळेवर हात काढून घ्यायचा. आपण भाजीला फोडणी देतो, परततो, वाफ काढतो, वाटण घालतो, खोबरं पेरतो. चव तिथं, त्या चुलीवर, त्या घटकेला तयार होते. इथं चव कपाटात तयार होती. तेलाच्या बाटलीला पूर्ण दुपारभर हात लागला तो एकदाच, गोबोच्या मुळ्यांसाठी. गोबो म्हणजे काठीसारखी लांब, मातकट वासाची मुळी. पेन्सिलीला टोक करावं तशी ती फिरवत तासायची, तिळाच्या तेलात परतायची. तिचं कौतुक मला फारसं करता येणार नाही. माती खाल्ल्याचं पुण्य मिळालं, इतकंच.

काबोचा मात्र मन लावून शिकलो. हा गडद हिरव्या सालीचा लहान भोपळा. फोडी साल ठेवूनच करायच्या. मग सेन्सेइंनी सुरी उलटी-सुलटी करून प्रत्येक फोडीच्या धारेवरून एक बारीकशी पट्टी काढायला सुरुवात केली. प्रत्येक फोडीची प्रत्येक धार. मला वाटलं हे निव्वळ दिसण्यासाठी. तसं नव्हतं. शिजताना फोडी एकमेकींवर आपटतात, धारदार कोपरे आधी विरघळतात आणि रस्सा गढूळ होतो. कोपरे आधीच मारून ठेवले की फोड शेवटपर्यंत शाबूत राहते. साल खाली करून एका थरात मांडायच्या, दाशी अर्ध्यापर्यंत, आणि वर झाकण. झाकण पातेल्याच्या तोंडाला बसणारं नव्हे, त्याहून लहान, लाकडी, थेट फोडींवर टेकणारं. त्याच्याखाली थोडासा रस उसळतो, झाकणाला थडकतो, परत फोडींवर येतो. त्यामुळे रस कमी असूनही वरची बाजू कोरडी राहत नाही, आणि ढवळायचं कारणच उरत नाही.

काय आधी घालायचं याचाही नियम आहे, आणि तो पाठ करायची युक्ती ऐकून मी चमकलो. सा, शि, सु, से, सो. जपानी वर्णमालेतली स-ची ओळ. सा म्हणजे साखर, शि म्हणजे शिओ, मीठ, सु व्हिनेगर, से जुन्या उच्चारातला शोयू, सो मिसोतला शेवटचा. साखर आधी, कारण तिला आत शिरायला वेळ लागतो आणि मीठ आधी पडलं तर तिची वाट अडते. शोयू आणि मिसो शेवटी, कारण त्यांचा वास आचेवर उडतो. जपानी वर्णमालेचा हा क्रम लागला तो बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या सिद्धम् लिपीचा अभ्यास केला त्यातून. म्हणजे आपली बाराखडी चीनमार्गे इथं येऊन भोपळ्यात साखर केव्हा घालायची ते सांगत होती! मी हे भाचेसुनेला सांगितलं, तिनं स्वयंसेविकेला, तिनं सेन्सेइंना. सेन्सेइंनी मला ‘का’ची ओळ म्हणायला लावली. मी क, कि, कु, के, को म्हटलं. ओट्याओट्यावरून टाळ्या पडल्या. सत्तरी जवळ आलेल्या माणसाला बाराखडीसाठी टाळ्या जगात फक्त तिथंच मिळत असतील.

पालेभाजी या वॉर्डाचीच. कोमात्सुना. आठवे शोगुन तोकुगावा योशिमुने 1719 साली ससाण्यानं शिकार करायला या बाजूला आले, जेवणात इथली भाजी आवडली, नाव विचारलं तर तिला नावच नव्हतं, म्हणून जवळच्या कोमात्सु नदीवरून त्यांनीच ठेवलं, असं इथं सांगतात. कथा खरी असो-नसो, भाजी चांगली आहे आणि वॉर्डाला तिचा अभिमान दांडगा. तिचे उदोन नूडल्सही मिळतात. करायची रीत अशी: जुडी देठांकडून धरून उकळत्या पाण्यात आधी फक्त देठ उभे करायचे, मनात तीसपर्यंत मोजायचं, मग पानं आडवी सोडायची आणि लगेच सगळी गार पाण्यात. मुळं एका रेषेत आणून जुडी दोन्ही हातांनी वरून खाली दाबत आणायची. चार सेंटिमीटरचे तुकडे. त्यावर शोयूचे चार थेंब टाकून पुन्हा एकदा हलकं दाबायचं, म्हणजे आतलं फिकं पाणी निघून जातं, आणि मगच दाशीत बुडवायची. शेवटची ही पायरी चिठ्ठीवर नव्हती. गृहस्थांनी ती वहीत दोनदा अधोरेखित केली.

मग सेन्सेइंनी ओट्याखालून एनॅमलचा पांढरा डबा काढला. झाकण उघडताच खोलीत आंबूस, पिठूळ वास पसरला. आत ओल्या वाळूसारखा तपकिरी लगदा. भाताचा कोंडा, मीठ, पाणी आणि वर्षानुवर्षं वाढलेले जंतू. बाही सारून त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक काकडी बाहेर काढली. तिला म्हणतात नुकाझुके. काकडी, वांगं, गाजर, मुळा, काहीही रात्री पुरायचं, सकाळी काढून धुवायचं, कापायचं. या लगद्याला रोज हात लागावा लागतो. तळचं वर, वरचं खाली, नाहीतर बिघडतो. नखं कापलेली का हवीत ते आता समजलं, कारण सेन्सेइंनी एकेकाला हात घालायला लावला. गार, जड, आणि आत कुठंतरी किंचित कोमट.

या कोंड्यामागे एक मोठा इतिहास आहे. एदो म्हणजे जुन्या टोकियोत लोक पॉलिश केलेला पांढराशुभ्र भात खाऊ लागले आणि पायांना सूज, दम, झटकन मृत्यू अशा आजारानं पडू लागले. खेड्यातून राजधानीत आलेले सामुराई आजारी पडत, गावी परतले की बरे होत, म्हणून लोक त्याला एदोचं दुखणं म्हणत. तीच बेरीबेरी. 1904-05 च्या रशियाबरोबरच्या युद्धात जपानी पायदळाचे हजारो सैनिक गोळ्यांविना तिनं मेले. 1910 मध्ये उमेतारो सुझुकी यांनी जे द्रव्य वेगळं काढलं, ज्याला आपण ब-1 जीवनसत्त्व म्हणतो, ते सापडलं भाताच्या कोंड्यात. कांडून फेकलेल्या कोंड्यात पुरलेली काकडी तेच थोडंफार परत ताटात आणत होती. सेन्सेइंना हे सगळं माहीत होतं. पण त्यांच्या आईनं लोणचं घातलं ते जीवनसत्त्वासाठी नव्हे, स्वस्त पडायचं म्हणून, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

जेवायला बसलो तेव्हा ताटलीवर जागा ठरलेल्या. भात डावीकडे, मिसोचं सूप उजवीकडे, काबोचा पलीकडे, कोमात्सुना आणि गोबो त्याच्या बाजूला, काकडीच्या चकत्या मध्ये, चॉपस्टिक आपल्यापुढं आडव्या. माझी वाटी उलट बाजूला गेली होती ती जपानी मुलीनं गुपचूप फिरवून ठेवली. आमच्याकडेही डावी-उजवी बाजू असते, असं मी म्हटलं, तर गृहस्थांनी लगेच वहीचं कोरं पान पुढं केलं. मी वर्तुळ काढलं: वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, समोर वरणभाताची मूद. ‘‘सूप कुठं?’’ त्यांनी विचारलं. आमटीवर बोट ठेवलं. ‘‘आणि हे सगळं एका हातानं?’’ उजव्या, मी म्हटलं. त्यांनी शेजारी काहीतरी लिहिलं. शेरा काय लिहिला ते भाचेसुनेनं सांगितलं नाही.

नवा भात होता, नोव्हेंबरातला. नुसता खावा असा. मिसो सेन्सेइंनी गॅस बंद केल्यावरच चाळणीत घोळवून सोडला होता, त्यामुळे वाफेबरोबर पहिला वास तोच आला. काबोचा माझ्या मतानं गोडच झाला होता, साखर निम्मी चालली असती. पण फोडीच्या कडा खरंच जशाच्या तशा होत्या.

आवरायला लागलो तेव्हा कळलं की काही फेकायचंच नाहीये. कामाला येऊन गेलेलं कोम्बू बारीक चिरलं, गाळलेली कात्सुओबुशी त्यात मिसळली, शोयू, साखर आणि तीळ घालून कोरडी होईपर्यंत परतली, आणि भातावर भुरभुरायचा मसाला तयार. डब्यांत तोच भरून दिला. मग ओटे, बेसिन पुसून कोरडं करायचं, पाण्याचा थेंब दिसता कामा नये. भांडी यादीप्रमाणे मोजून कपाटात. आमच्या ओट्यावर एक छोटा चमचा कमी भरला. सगळे खाली वाकून शोधायला लागले. तो गृहस्थांच्या एप्रनच्या खिशात होता, वहीत खूण म्हणून घातलेला.

निघताना सेन्सेइंनी भाचेसुनेला त्या डब्यातला दोन मुठी लगदा पिशवीत घालून दिला. त्यांच्या आईपासून चालत आलेला. घरी कोंडा आणि मीठ घालून वाढवायचा, पहिले काही दिवस कोबीची टाकाऊ पानं पुरायची, रोज हात घालायचा. भाचेसून खूश होती, मग एकदम थांबली. डिसेंबरात घरचे सगळे तीन आठवडे पुण्याला येणार होते. रोज हात कोण घालणार? सेन्सेइंनी उपाय सांगितला: वरून मिठाचा जाड थर द्यायचा आणि फ्रिजमध्ये ठेवून जायचं. जगतो, पण परत माणसात यायला वेळ लागतो.

‘‘मी सांभाळतो,’’ मागून गृहस्थ म्हणाले. त्यांनी पत्ता विचारून घेतला, वही काढली, नवं पान उघडलं, वर तारीख घातली आणि सेन्सेइंकडे वळून विचारलं, ‘‘दिवसातून एकदा, की दोनदा?’’

‘‘उन्हाळ्यात दोनदा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डिसेंबरात एकदा पुरे. आणि थर्मामीटर नको.’’